जादूच्या शाळेत स्वयंपाक कोण करतं?

२०२०च्या एप्रिलमध्ये आम्ही सहा जणांनी एक शाळा काढली. आम्ही सगळे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेल रिकामं करायला लावलं होतं आणि परीक्षा होणार की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी करमाडला घरी होतो. बाकीचे दोघं शहरात, एक मैत्रीण जालन्याला, एक मित्र बीडकडच्या त्याच्या गावी आणि एक जण पुण्यात. रोज रात्री दहानंतर डिस्कॉर्डवर जमायचं आणि मिळून गोष्ट लिहायची.

या प्रकाराला रोलप्ले म्हणतात. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचं बोलणं-वागणं आपण लिहायचं. एक जण सूत्रधार असतो; तो जग उभं करतो, अडचणी आणतो, बाकीचे त्यातून वाट काढतात. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला, त्याच कुळातला हा खेळ. फक्त आमच्याकडे फासे नव्हते. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. तुझं पात्र काय बोललं ते तूच लिहायचं. सूत्रधार मी होतो, म्हणून शाळेचा आराखडाही मीच लिहायला घेतला.

आराखडा २६ पानांचा झाला. शाळा देवगिरी किल्ल्याच्या पोटात होती. किल्ला बघितलेल्यांना अंधारी आठवत असेल, शत्रूची वाट चुकावी म्हणून खडकात खोदलेला तो वळणावळणाचा काळोखा रस्ता. त्यातल्या एका वळणावर न वळता भिंतीतून सरळ गेलं की आमची शाळा. विद्यार्थ्यांची चार घरं: गोदा, पूर्णा, शिवना, दुधना. मंत्र मोडीत लिहिलेले. टपालाला घुबडांऐवजी अंधारीतली वटवाघळं. जेवायला मांडे आणि येसर. शाळेची गाडी मध्यरात्री करमाड स्टेशनवर थांबायची. ही भर माझी. लहानपणापासून बहुतेक एक्स्प्रेस गाड्या करमाडला न थांबता जाताना बघितल्या होत्या, तेव्हा एक तरी थांबवून घेतली.

प्रवेशाचा नियम असा होता: ज्यांच्यात 'विद्येचं रक्त' आहे, त्यांना बाराव्या वर्षी पत्र येतं. चार घरांच्या नावांवर आम्ही तीन रात्री भांडलो. या नियमावर एक मिनिटही बोललो नाही. तो जणू आधीच लिहिलेला होता.

कोणत्या गावचे पाटील?

तो आधीच लिहिलेला होताच. मी 'हॅरी पॉटर आणि परीस' सहावीत असताना वाचलं, मराठीतच. हॅरीच्या बरोबरीनं पार्वती आणि पद्मा पाटील नावाच्या जुळ्या बहिणी त्या शाळेत दाखल होतात हे वाचलं आणि पुस्तक घेऊन आजीकडे पळालो. "आजी, यात पाटील आहेत!" आजी निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "कोणत्या गावच्या?"

तेव्हा मला हसू आलं. आज वाटतं, त्या मालिकेवरची याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. सात पुस्तकं संपली तरी त्या दोघी कोणत्या गावच्या, ते कळत नाही. नंतर रोलिंगनं जगात जादूच्या जुन्या, नामांकित अशा ११ शाळा असल्याचं सांगितलं. त्यातल्या जपान, ब्राझील, युगांडा इथल्या शाळांना नावं आहेत. भारतातल्या एकाही शाळेचं नाव त्यात नाही. अमेरिकेतल्या जादूचा इतिहास तिनं २०१६मध्ये लिहिला, तेव्हा तिथल्या आदिवासी अभ्यासकांनी हरकत घेतली की आमच्या जिवंत श्रद्धा तुम्ही सजावटीसारख्या वापरल्या आहेत. मला ती हरकत पटते. पण आमच्या २६ पानांमध्ये तरी वेगळं काय होतं? अंधारी, मोडी, मांडे ही सगळी सजावटच होती. खालचा सांगाडा हॉगवर्ट्सचा.

आणि त्या सांगाड्यात कणा म्हणून बसलाय तो प्रवेशाचा नियम. मुलात जादूची पहिली चुणूक दिसली की हॉगवर्ट्सची एक लेखणी आपोआप त्याचं नाव लिहिते. जादू शिकवता येते, पण ती मुळात अंगात असावी लागते. नसेल तर? त्याचं उत्तर पुस्तकात आहे, फक्त ते विनोदाच्या जागी ठेवलंय. फिल्च हा शाळेचा राखणदार जादूगार घराण्यात जन्मला, पण त्याला जादू येत नाही. दुसऱ्या भागात त्याच्या टेबलावर घरबसल्या जादू शिकवणाऱ्या कोर्सचं पाकीट सापडतं आणि तो शरमेनं लाल होतो. मुलांनी केलेली घाण पुसत फिरणारा हा म्हातारा चोरून अभ्यास करू बघतोय, आणि आपण हसायचं असतं. चौथ्या भागात कळतं की भोजनगृहाच्या खाली स्वयंपाकघर आहे, तिथे शंभरावर एल्फ बिनपगारी राबतात आणि त्यांची ताटं आपोआप वरच्या टेबलांवर प्रकटतात. हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते, तेव्हा तिचीच चेष्टा होते.

मराठी शीर्षकात मात्र एक गंमत होऊन बसली आहे. परीस हा शब्द आपल्याकडे संतांच्या वाणीतून आलाय. त्याची ख्याती अशी की तो लोखंडाची जात विचारत नाही. ते देवघरातलं असो की खाटकाच्या सुरीचं, स्पर्श झाला की सोनं. अनुवादातलं हे शीर्षक जे कबूल करतं, ते आतली शाळा देत नाही. त्या शाळेला आधीच सोनं असलेलं लोखंड लागतं.

८ मे

हे सगळं मला तेव्हा सुचलं नव्हतं. ते सुचायला जे घडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ, सटाणा शिवारात, मालगाडीखाली १६ मजूर गेले. मध्य प्रदेशातले होते, जालन्याला स्टीलच्या कारखान्यात काम करायचे. काम बंद झालं होतं. गावी जाणारी गाडी पुढे कुठेतरी मिळेल म्हणून ते रेल्वेमार्गानं चालत निघाले आणि थकून रुळांवरच झोपले. रुळांत पडलेल्या पोळ्यांचा फोटो देशभर बघितला गेला. मी तिकडे गेलो नाही. घरात बसून होतो.

दोन रात्री कुणी सर्व्हरवर आलं नाही. तिसऱ्या रात्री जालन्याच्या मैत्रिणीनं एकच ओळ टाकली: "आपली गाडी करमाडला थांबते ना? कुणासाठी थांबते?"

कुणी उत्तर दिलं नाही. ती कुणाला दोष देत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

जादूचं जग लपवलेलं ठेवणं ही या प्रकारच्या गोष्टींची जुनी सोय आहे. आपल्या ओळखीच्या शहराखाली, ओळखीच्या स्टेशनात दुसरं एक जग असतं आणि आपल्याला ते दिसत नाही. वाचायला मजा येते. पण असं जग रचणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: ज्यांच्याकडे एवढी शक्ती होती, ते त्या वेळी कुठे होते? रोलिंगच्या जगात त्यासाठी १६९२पासूनचा गुप्ततेचा कायदा आहे, आणि पहिल्याच भागात हॅग्रिड त्याचं साधंसरळ कारण सांगतो: नाहीतर लोक आपल्या अडचणींवर जादूचे उपाय मागायला लागतील. सहावीत हे वाक्य माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मे महिन्यात ते परत वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

शाळा बंद पडली.

पैठण आणि उकिरडा

श्रावणात आजीनं नवनाथांची पोथी लावली. मी घरीच, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. धुंडीसुत मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार', शके १७४१ म्हणजे १८१९मध्ये पूर्ण झालेला, ४० अध्यायांचा. लहानपणी ऐकलेला होता. या वेळी सूत्रधाराच्या डोळ्यांनी वाचला आणि थक्क झालो. जादू कशी चालते याचा इतका तपशीलवार आराखडा मराठीत असताना आम्ही घुबडांना पर्याय शोधत बसलो होतो.

इथे मच्छिंद्रनाथाला शाबरी विद्या जन्मानं मिळत नाही. एकेका देवतेला गाठून, पटवून, प्रसंगी लढून तिच्याकडून वचन घ्यावं लागतं. मला हे फार ओळखीचं वाटलं. आम्हीही दुसऱ्याच्या यंत्रणेकडून असाच एकेक परवाना मिळवत प्रोग्रॅम लिहितो. विद्यार्थी येतात तेही कुठून कुठून. एका बाईला मूल व्हावं म्हणून मच्छिंद्रनाथानं दिलेलं भस्म ती लोकांच्या बोलण्याला भिऊन उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी नाथ हाक मारतो आणि उकिरड्यातून गोरख उठून येतो. हाच गोरख संजीवनी मंत्र घोकत असताना गावची पोरं त्याच्याकडे मातीचा गाडीवान मागतात. तो हातानं माती वळत राहतो, तोंडानं मंत्र चालू, आणि पुतळा जिवंत होतो. तो गहिनीनाथ, निवृत्तिनाथांचा गुरू. पाठांतर करताना झालेल्या चुकीतून एक अख्खी परंपरा पुढे सरकते.

ही शाळा मात्र निर्दोष नाही. गुरूला अजून वडे हवे असतात. गोरख पुन्हा त्याच दारात जातो. वाढणारी बाई बदल्यात डोळा मागते आणि गोरख डोळा काढून देतो. डोळा नंतर परत मिळतो, कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते. आजी तिथे दर वेळी हात जोडते. मला मात्र त्या वड्यांपाशी थांबावंसं वाटलं. प्रवेश उकिरड्यापर्यंत खुला केला तरी आत गेल्यावर 'नाही' म्हणायची सोय नसेल, तर त्या शाळेचं काय करायचं?

दुसरी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली, पैठणची. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला, त्याच्या सुरुवातीला ती येते. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. एक राणी संस्कृतात म्हणते, पाणी उडवू नका: 'मा उदकैः', संधी होऊन 'मोदकैः'. राजा मोदक मागवतो. राणी हसते. राजा अंथरूण धरतो. मग दरबारात पैज लागते. गुणाढ्य म्हणतो, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य भडकतो: तसं झालं, तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा जिंकतो. गुणाढ्य मुका होऊन रानात जातो, तिथे पैशाची भाषा शिकतो आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ती नाकारतो. गुणाढ्य एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवत जाळत सुटतो. प्राणी चरायचं सोडून ऐकत बसतात. इकडे राजा आजारी पडतो, मुदपाकखान्यातले लोक सांगतात की शिकारी आणतात ते मांसच सुकलेलं आहे, आणि त्या धाग्यानं राजा रानात पोचतो. तोवर सहा लाख श्लोक जळलेले असतात.

मी पहिल्या वर्षाला असताना एका सरांनी फळ्यावर गणित मांडून विचारलं, हे कसं सोडवाल? मला येत होतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मी उभा राहून म्हणालो, "सर, निश्चयक काढायचा." वर्ग हसला. शेजारच्यानं हळूच सांगितलं, डिटर्मिनंट म्हणतात रे त्याला. पुढची चार वर्षं मी वर्गात आपण होऊन बोललो नाही. त्यामुळे मोदकांपाशी मला हसू आलं नाही. राजाचं अंथरूण धरणं मला कळलं.

या कथेत शर्ववर्म्याला खलनायक करायचा मोह होतो. तो मी टाळतो. त्याच्या नावावरचं कातंत्र व्याकरण पुढे बंगालपासून तिबेटपर्यंत वापरलं गेलं. सोपं करून शिकवणाऱ्या माणसानं दार उघडलेलं असतं. मीही अशाच सहा महिन्यांच्या कोर्सवर नोकरीला लागलो. पण त्या दारातून आत जाताना कुणीतरी आपली भाषा बाहेर ठेवून गेलं, हे सोमदेवाच्या कथेला माहीत आहे. हॉगवर्ट्सच्या कथेला ते माहीत नाही.

दुसरा आराखडा

ऑगस्टअखेर आम्ही शाळा पुन्हा उघडली. उर्सुला ले ग्विननं १९६८मध्ये रोक बेटावरची जादूची शाळा लिहिली, तीही फक्त मुलग्यांची होती. २००१मध्ये तिनं त्याच शाळेच्या स्थापनेची गोष्ट लिहून दाखवलं की ती उभारण्यात बायकाही होत्या, नंतर त्यांना बाहेर काढलं. लेखिका आपलाच प्रवेशनियम ३३ वर्षांनी तपासते, तर आम्हाला चार महिन्यांनी तपासायला हरकत नव्हती. या वेळी आराखडा एका पानाचा होता. गाडी करमाडला थांबते. जो चढेल तो विद्यार्थी. गुरूला 'नाही' म्हणता येतं. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, गुरूलाही. आणि मंत्र म्हणजे आपल्या घरचा असा शब्द, जो बाकीच्या पाच जणांना माहीत नाही. तो एकदाच चालतो. चालला की त्याचा अर्थ सगळ्यांना सांगायचा. मग तो सगळ्यांचा होतो आणि त्यातली जादू संपते.

माझा पहिला मंत्र होता 'निश्चयक'. त्यानं एक बंद दार उघडलं. या वेळी कुणी हसलं नाही.

नियमात खोट लगेच सापडली. पुण्याचा मित्र इंग्रजी माध्यमाचा, फ्लॅटमध्ये वाढलेला. तो वैतागून म्हणाला, "तुमच्याकडे गावं आहेत, माझ्याकडे शब्दच नाहीत." म्हणजे आम्ही फक्त पंगतीची टोकं बदलली होती, बाहेर कुणीतरी बसलेलंच होतं. दुसऱ्यानं मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशातून शब्द उपसायला सुरुवात केली, तेव्हा नियमाला ठिगळ लावलं: शब्द पुस्तकातून नको, कुणाच्या तरी तोंडून हवा. आठवड्यानं पुण्याचा मित्र 'उरेब' घेऊन आला. त्याची आई घरी शिवणकाम करते. कापड तिरकं कापलं की त्याला उरेब म्हणतात. सरळ कापलेलं ताणलं जात नाही, उरेब ताणलं जातं. त्या मंत्रानं अंधारीतला एक अरुंद बोळ तिरका ताणला गेला आणि सगळे बाहेर पडले. आईचं काम इतकी वर्षं बघूनही हा शब्द त्यानं त्या आठवड्यात पहिल्यांदा विचारला होता.

बीडच्या मित्राचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्याचा शब्द आला दिवाळीच्या सुमारास. शाळेचं छत कोसळत होतं, पाच पात्रं खाली, आणि त्यानं लिहिलं: उचल. मग अर्थ सांगितला. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाचा. मंत्राचं कामही तसंच: लागेल तेवढी ताकद आत्ता मिळते, आणि पुढचे सहा महिने फेडायची. त्याच्या पात्रानं छत पेललं. फेड म्हणून त्यानं आपलं पात्र माझ्या हवाली केलं. आता त्याचं बोलणं, चालणं, खाणं मी लिहायचं होतं.

खेळाचा एकमेव कडक नियम त्यानं स्वतःहून मोडला होता. दोन आठवडे मी त्याचं पात्र चालवलं. त्याला स्वयंपाकाच्या पाळ्या जास्त लागल्या. मी मुद्दाम लावल्या नव्हत्या, पण बाकीच्यांच्या गोष्टी पुढे न्यायच्या होत्या आणि हा मोकळा होता. एका रात्री मला ते दिसलं. मी त्याला फोन करून म्हणालो, "हे बंद करू, तुझं पात्र तू घे." तो म्हणाला, "लिही की. मी थोडाच नाही म्हणणार आहे."

'नाही' म्हणायची सोय आराखड्यात होती. कर्जात असलेल्यानं ती कशी वापरायची, याचा विचार मी केला नव्हता. फेड सहा महिन्यांवरून खाली आणावी असं मी सुचवलं. त्यानं नकार दिला, म्हणाला, मंत्राचा अर्थ बदलायचा नाही. शेवटी बाकीच्या चौघांनी आपापल्या पात्रांचे दिवस घालून त्याची उचल वाटून घेतली. नियमात हे बसत नव्हतं. आम्ही ते होऊ दिलं, आणि नियम अजून दुरुस्त केलेला नाही.

या शाळेतला सगळ्यात चांगला मजकूर लढायांचा नाही, स्वयंपाकघरातला आहे. पीठ कुणी मळायचं यावरून दोन पात्रांची मैत्री तुटली आणि जुळली. जादूची शाळा रचणाऱ्या कुणीही आधी घरांची नावं ठरवू नयेत. आधी ताटात पडलेलं अन्न कुठून आलं ते लिहावं. बाकीचं जग त्याच्यामागून येतं.

आता सगळे नोकरीत आहेत. महिन्यातून एखाद्या शनिवारी जमतो. नव्यानं येणारा प्रत्येक जण आराखडा वाचतो आणि विचारतो की गाडी करमाडला थांबते, तर ती त्या पहाटे कुठे होती. हॅग्रिडचं उत्तर द्यायचं नाही, एवढं ठरलंय. दुसरं उत्तर आमच्याकडे नाही. पानावर ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे.